राणीचं न्हाणीघर

बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला इतिहास हवा असतो, आणि बेटाकडे द्यायला होतं काय? वारा, खारं पाणी आणि मासळीचा वास. ही उणीव इतिहासकाकांनी एकट्याच्या जिवावर भरून काढली. हे नाव गावानं चेष्टेनं ठेवलेलं. काकांनी ते पदवीसारखं मिरवलं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक दगडी टाकं होतं. आजोबांनी जाळी रंगवायला बांधलेलं; झाडाच्या सालींच्या काढ्यात भिजवली की जाळी लवकर कुजत नसत. पण सालींचा काढा ऐकायला कोण होडीत ओकत येणार? म्हणून काकांनी तिथं एका राणीला आंघोळीला बसवलं. टाळ्या पडल्या. पुढच्या हंगामात राणीला सवत आली, त्यानंतर भुयार. दगडांवर चढलेला तांबूस रंग सवतीच्या रक्ताचा निघाला. काकू त्याच टाक्यात भांडी घासायच्या आणि होडी दिसली की राणीला जागा रिकामी करून द्यायच्या. "मेली रोज न्हाते, एक दिवस भांडी घासेल तर शपथ," म्हणायच्या.

लेखक यायचे, दुपारभर फिरायचे आणि घरी जाऊन बेटाच्या आत्म्यावर पुस्तक लिहायचे. आत्मा सगळा काकांच्या तोंडून निघालेला.

मग जुन्या वास्तूंच्या खात्यातल्या बाई आल्या. त्यांनी टेप लावून टाकं मोजलं आणि म्हणाल्या, "ही वास्तू आता संरक्षित झालीय. तिला खेटून असलेलं तुमचं घर पाडावं लागेल."

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. "मॅडम, कसली राणी नि कसलं काय! आजोबांनी बांधलंय ते, जाळ्यांसाठी. राणी मी घुसवली."

बाई समजूतदारपणे हसल्या. "काका, घर जायची वेळ आली की सगळे असंच म्हणतात. इतक्या पुस्तकांत उल्लेख आहे राणीचा."

"अहो, त्या पुस्तकवाल्यांना मीच सांगितलं!"

"बघा, म्हणजे परंपरा तुमच्याच घरात जपलेली."

काकांनी गावाला साक्षीला बोलावलं. पण होडीवाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांचं पोट राणीवर चालत होतं. "राणी होतीच की," होडीवाला नजर चुकवत म्हणाला. काकांनी त्याला शिवी हासडली, पण शिवीनं घर वाचत नाही.

घर पडलं त्या दिवशी काकू भांडी गोणीत भरत होत्या. तेवढ्यात होडी लागली. एका पाहुण्यानं मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "इथं काय होतं?"

काकांना रडू फुटायच्या बेतात होतं. पण जिभेला वळण पडलेलं. "इथं राणीच्या दासी राहायच्या."

काकूंनी मान वर केली. "त्यातली एक अजून आहे," त्या म्हणाल्या. "आज तिनं कुठं झोपायचं, तेवढं राणीला विचारून सांगा."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे मात्र पोट धरून हसले. एकानं काकूंचा फोटो काढला आणि जाता जाता काकांच्या पाठीवर थाप मारली. "बाई झकास ठेवलीय हो कामाला. अगदी खरी वाटते!"