निऱ्यांत जाणारा डिफेक्ट

इंग्रजीतला मला वाचता आलेला पहिला शब्द म्हणजे डिफेक्ट. शाळा मी बाहेरूनच पाहिली. मराठी शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, आणि हा शब्द शिकले सुरतेहून नवापूरला येणाऱ्या साड्यांच्या गठ्ठ्यांवरून. गठ्ठ्यावर त्याचा शिक्का असायचा. आता तुम्ही म्हणाल डिफेक्ट म्हणजे खराब, तर तसं नाही हं. फाटकी साडी खराब. डिफेक्टची साडी चांगलीच असते, फक्त एका जागी धागा सुटलेला असतो नाहीतर छापा सरकलेला. चूक कोणाची ते विचारायचं नाही, जागा कुठे ते विचारायचं.

ओट्यावर साड्या पसरून बसले की बायका विचारायच्या, “यामा डिफेक्ट कोठे शे वं माय?”

“तुन्हा निऱ्यासमा जाई तो. कोणले दिसाव नही.”

“आनी नवराले दिसना तं?”

“तुन्हा नवराले साडी तरी दिसस का कधी?”

अशी हसाहस चालायची आमची. विकता विकता मीच सगळ्यांना शिकवलं, डिफेक्ट आत कसा घ्यायचा ते.

जागा शोधण्याचं काम सुनेचं. ती डोळे मिटून साडीवरून उजव्या हाताची बोटं फिरवायची आणि मला दिवसाउजेडी दिसला नसता असा सुटलेला धागा तिला बोटांनी सापडायचा. सापडला की तिथे खडूची खूण. माझ्या ओट्याचं नाव झालं ते तिच्या बोटांमुळे.

यंदा होळीनंतर साड्या परत यायला लागल्या. खूण नाही आणि पदरावरच धागा लोंबतोय. एकदा झालं, दोनदा झालं, मी बोलले, “बोटं काय माहेरी ठेवी उनी का?” ती हसली नाही. पुढे तिने लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं. मे महिना, नवापूरचं ऊन, आणि ही मनगटापर्यंत झाकलेली. मी म्हटलं फॅशन असेल. मग पदर उजव्या हातावरून घ्यायला लागली. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. आता आठवलं की माझाच राग येतो मला.

एका सकाळी ती भाकरी भाजत होती. हाताची कड तव्याला टेकलेली. वास आला तो भाकरीचा नव्हता.

“अवं, तुन्हा हातले चटका लागी ऱ्हायना ना!”

तिने सावकाश खाली पाहिलं. “आसं? माले तं समजनंच नही.”

मी तिची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट चट्टा. त्यावर तीन जुन्या भाजल्याच्या खुणा, त्यातली एकही मला ठाऊक नव्हती.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“आनी सांगं नही?”

चुलीवरची भाकर करपत होती, ती तिने उतरवली नाही. “तुम्हीच शिकाडं ना माय, डिफेक्ट मझार लेवाना. आनी डिफेक्ट निंघना तं लोके माल परत करतस.”

माल. माझ्या घरात, माझ्या सुनेच्या तोंडून. परत म्हणजे कुठे, हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिचा हात तसाच धरून मी तिला रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी चट्टा पाहिला. कुष्ठरोगाची तपासणी करावी लागेल म्हणाले, आणि माझा चेहरा बघून लगेच म्हणाले, “घाबरू नका आजी. गोळ्यांनी बरा होतो. फक्त लवकर यायला हवं. उशीर झाला तर बोटांतली जाणीव परत येईलच असं नाही.” मी मनात दिवाळीपासूनचे महिने मोजायला लागले आणि होळीपाशी थांबले. परत आलेली दुसरी साडी जांभळी होती. त्या दिवशी मी तिला बोटांवरून बोलले होते.

डॉक्टरांनी खिशातला पेन काढला. “डोळे मिट बेटा. टोक लागलं की सांग.”

तिने डोळे मिटले, अगदी साडीवर बोटं फिरवताना मिटायची तसे. मी समोरच्या स्टुलावर होते. खोलीत पंख्याचा आवाज. पेनाचं टोक मनगटावर टेकलं, वर सरकलं, चट्ट्याच्या मधोमध आलं, तिथे दाबलं. तिचे डोळे मिटलेलेच.

मग ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, सुरू करा ना.”