सूर्याचे कण आणि धाटावची भरती

आता हसा खुशाल! लेकीच्या भाषणाचा मी स्वतःच्या तोंडाने कसा विचका केला, ते सांगतो. चहा मात्र तुमच्याकडून.

आमची रेवा परदेशात डोंगराच्या पोटात, पाण्याच्या अवाढव्य टाकीपाशी बसून सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मोजते. सुट्टीत पेणला आमच्या घरी आली, तेव्हा रोह्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत बोलायचं तिनेच ठरवलं. दहावीच्या दोन-चार पोरींना तरी या विषयाची ओढ लागावी, एवढीच इच्छा. घसा बसेपर्यंत तयारी केली बिचारीने.

पोरींसोबत त्यांचे आईबापही ऐकायला आले. आणि ओळख करून द्यायला कोण? मी! गावात माझी कीर्ती काय विचारता? मी खाडीत पकडलेला मासा दरवर्षी हातभर वाढतो.

पण त्या दिवशी, शप्पथ, निव्वळ खरं बोललो. "मंडळी, सूर्याचे हे कण आत्ता तुमच्या एकेका नखातून सेकंदाला अब्जावधी जातायत. रात्री तर पृथ्वी भेदून खालून येतात!"

अख्खी शाळा खदखदून हसली.

"नाना, आज सकाळीच घेतली काय?" मागून हरिभाऊ ओरडला.

रेवाची मान खाली. आता लेकीची लाज राखायला नको? म्हणून एक पुडी सोडली, अगदी चिमूटभर! "हसताय काय? असलंच यंत्र धाटावच्या कारखान्यांमागल्या डोंगरात बसणार हाय. भरती निघेल!"

चिडीचूप! खऱ्यावर हसले आणि थापेवर कान टवकारून बसले, बोला!

रेवाने पडद्यावर पहिलं चित्र लावलं. "वर आकाशातून भलत्याच कणांचा मारा असतो. त्या गोंगाटात न्यूट्रिनो सापडत नाहीत. डोंगराचा खडक तो गोंगाट अडवतो, म्हणून आम्ही खाली..."

"ताई, पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट?"

"शिफ्टला बस हाय ना?"

"अहो काका, इथे असं काहीही येणार नाहीये!"

"लपवतंय गो ती," हरिभाऊची बायको शेजारणीला म्हणाली. "बापाला ठाव, आन् हिला नाय?"

बघता बघता पुढच्या बाकांवरच्या पोरींना उठवून तिथे त्यांचे बाप बसले. दुसरं चित्र लागलंच नाही.

परतताना वडखळला थांबलो. टपरीवर चहा समोर आला, तेव्हा मी हळूच म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं गं मी."

तिने कप खाली ठेवला.

"पुढचं भाषण डोंगराखालीच ठेवते, बाबा. तुम्ही वर थांबा."