पुढच्या कणसाची गोडी

जगात फुकट असं काहीही मिळत नाही, यावर आमच्या दाजींची जेवढी श्रद्धा होती तेवढी सोलापुरात कुणाची सिद्धेश्वरावरही नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, वर्गात मराठी, ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पुष्कळ मास्तर आपला विषय शाळेतच ठेवून घरी येतात. दाजी तो जेवणाच्या डब्यासारखा घरी आणायचे आणि अक्कापुढं उघडायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणूस एक गोष्ट करतो तेव्हा त्याच वेळात दुसरी सोडत असतो, आणि जी सोडली तीच केलेल्या गोष्टीची खरी किंमत. वर्गात हे ऐकायला बरं वाटत असेल. पण दाजी लग्नात आहेराचं पाकीट हातावर ठेवून नवरदेवाच्या बापाला सांगायचे, "तुमच्यासाठी दुपारची झोप सोडली बरं का. एप्रिलातली." सोलापूरच्या एप्रिलात दुपारची झोप म्हणजे काय, हे त्या बापालाही ठाऊक असायचं. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "मग जेवून तरी जावा की." दाजी जेवायला बसायचे, आणि अक्का बायकांच्या पंगतीतून त्यांच्याकडं डोळे वटारून बघत राहायची.

सिनेमाचंही तेच. पिक्चर कंटाळवाणा निघाला की दाजी मध्यंतराच्या आधीच उठायचे. तिकिटाचे पैसे गेले ते गेले, बसून राहिल्यानं ते परत येणार आहेत का, मग उरलेला वेळ तरी का घालवू, हा त्यांचा सवाल. अक्काला मात्र शेवट बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. मग ती आत, आणि हे बाहेर शेंगा फोडत बसलेले. घरी जाताना स्कूटरवर मागं बसून ती उरलेली गोष्ट त्यांच्या कानात ओरडून सांगायची. दाजींनी एकाही पडेल सिनेमाचा शेवट डोळ्यांनी पाहिला नाही, पण सगळे शेवट त्यांना पाठ होते.

खरा कहर व्हायचा तो हुरड्याला. माझं टेंभुर्णीला खताचं दुकान आहे, आणि घरची शेती जवळच. थंडीत शेतात गोवऱ्यांची आगटी पेटली की अक्का-दाजी यायचेच. निखाऱ्यावर भाजलेलं ज्वारीचं कणीस, हातावर चोळलेला गरम हुरडा, सोबत शेंगाचटणी. दाजी पहिलं कणीस डोळे मिटून खायचे, दुसरं डोळे उघडून, आणि तिथून पुढं त्यांची तपासणी सुरू व्हायची. "मागच्यापेक्षा गोडी कमी झाली. आहे अजून, पण कमी." मग मध्येच कधीतरी तळहात पालथा करून म्हणायचे, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. एकदा साकु म्हटलं की गूळ दाखवा, दही दाखवा, माणूस हलायचा नाही. माझे वडील वैतागायचे. "मास्तर, हुरडा खायचा असतो, तपासायचा नसतो." त्यावर दाजी गंभीरपणे सांगायचे, "मामा, मागं किती खाल्लं ते बघायचंच नाही. पुढचं एक घ्यावं का, एवढंच बघायचं. सगळं शहाणपण त्या एकात आहे." आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त अक्का हसायची, आणि त्यांनी नाकारलेलं कणीस स्वतः खायची.

नवरा-बायकोचं भांडण व्हायचं ते मात्र पाण्यावरून. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं तो पाण्याचा दिवस. त्या दिवशी बारसं असो नाहीतर मयत, घरातलं एक माणूस नळाशी हवंच. दाजींनी न्हाणीघरात पिंपांची रांग लावली होती. शेवटची बादली भरत आली की ते अक्काला विचारायचे, "हिचं काय करायचं? फरशी की जास्वंद?" अक्काचं लक्षच नसायचं, कारण तिचं निराळंच काही चाललेलं असायचं. नळाला ताजं पाणी आलं की ती घरातलं आधीचं पाणी ओतून द्यायची. चांगलं झाकलेलं, निवळशंख पाणी. "शिळं झालंय त्ये," म्हणायची. आमच्याकडं बायकांची ही रीतच आहे. दाजींचा जीव तुटायचा. "अगं, भाकरी शिळी होते, पाणी शिळं होत नाही. हे ओतलंस म्हणजे दोन दिवसांची आंघोळ ओतलीस." "मग वतली आंगूळ," असं म्हणून अक्का पिंप कलतं करायची. त्यांना मूलबाळ झालं नाही. हे एक भांडण तेवढं दोघांनी लेकरासारखं सांभाळून मोठं केलं.

पुढचं सांगताना मला अजून जड जातं. एका दिवाळीनंतर अक्काला घास उतरेना झाला. आधी कडक भाकरी अडकायला लागली. "दात ऱ्हायलं न्हाईत, दुसरं काय," ती म्हणाली. मग मऊ भाकरी सुटली, मग वरणात कालवलेला भात. दर वेळचा फरक एवढासा, की त्यानं कुणी घाबरावं असं काही नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, मोठ्या दवाखान्यात जाऊन दुर्बिणीनं तपासून घ्या. त्यासाठी सकाळी उपाशीपोटी जायचं, म्हणजे अख्खा दिवस मोडणार. निघायच्या दिवशी नेमकं पाणी आलं. दाजींनी विचार केला, आज गेलो तर पाणी हातचं जातंय, पुढचे चार दिवस टँकरमागं पळायचं. उद्या गेलो तर एका दिवसानं काय बिघडतंय? अक्का तर टाळायलाच बसलेली, मनात भीती होतीच तिच्या. "व्हय की, पाणी भरून घिऊ आदी." मग पुढं कुणाचं लग्न आलं, मग संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले, मग पुन्हा पाण्याचा दिवस. दर वेळी प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. होळी झाली, अक्का नुसत्या पेजेवर आली, तेव्हा कुठं दोघं दवाखान्याची पायरी चढली.

रिपोर्ट घ्यायच्या दिवशी मीही टेंभुर्णीहून गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी तो बघून पहिला प्रश्न केला, "इतके दिवस काय करत होता?" माझी कवटी सरकली. बाहेर जिन्यातच मी दाजींना धरलं. "तुमचं ते पुढचं एक, पुढचं एक! माझी बहीण घालवलीत तुम्ही त्यात." दाजी भिंतीला टेकले. मी ओरडत होतो, आणि ते फळ्यावरचं गणित पुन्हा तपासावं तसं हळूहळू बोलत होते. "दर वेळी बरोबर होतं हो, मेव्हणे. एकेक दिवस सुटा घेऊन बघा, आजही बरोबर येतं. एका दिवसानं खरंच काही बिघडत नव्हतं." मग म्हणाले, "सगळे दिवस एकदम तराजूत टाकायचे राहून गेले." त्यांना मारावंसंही वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, खाली जाऊन चहा घेऊन आलो.

कीमो सुरू झाली. अक्काचे केस गेले, हातापायांच्या काड्या झाल्या. दाजी कॉटशेजारच्या स्टुलावरून हलत नव्हते. अर्ध्या सिनेमातून उठून जाणारा हा माणूस, पण इथं त्यांनी जेवायलासुद्धा उठायचं सोडलं. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा देऊन बघू. अक्काचा आवाज तोवर पार खोल गेला होता. तिनं विचारलं, "ह्या एकानं काय मिळंल?"

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "थोडे दिवस मिळतील कदाचित."

"आन् त्ये कुटं काढायचं? हितंच?"

डॉक्टरांनी हातातला केसपेपर मिटला. अक्कानं चादरीवरचा हात पालथा केला आणि म्हणाली, "साकु."

सासरचे चार कानडी शब्द तिला येत होते, पण माझ्यासमोर तिनं ते कधी वापरले नव्हते. दाजी उठून तिच्या पायाशी बसले. "आणखी एकच घेऊ. एकच गं. माझ्यासाठी."

"अवो, तुमीच शिकिवलं की. पुढच्या कणसाची गोडी बगायची."

"ते हुरड्याचं होतं," दाजी म्हणाले. "ते हुरड्याचं होतं गं." आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

अक्काला घरी आणलं. नळाचा आवाज ऐकू यावा म्हणून तिची कॉट न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत टाकली. पाण्याच्या दिवशी ती पडल्यापडल्या सांगायची, "शिळं वता आदी." दाजी हो हो म्हणायचे, पण पिंपाला हात लावायचे नाहीत, तिला आवाज जावा म्हणून नुसतं तांब्याभर पाणी मोरीत सोडायचे. "तांब्याचा आवाज हाय त्यो," अक्का आतून म्हणायची, "मला येडी समजू नगा." त्याही अवस्थेत ती हसायची, आणि ते ऐकून दाजीही हसायचे. असे थोडे दिवस गेले आणि मग अक्का गेली.

परवा दुकानाच्या कामासाठी सोलापूरला गेलो होतो, तेव्हा दाजींकडं डोकावलो. पाण्याचा दिवस होता. दाजी लुंगी खोचून एकेक पिंप कलतं करत होते, काठोकाठ भरलेली पिंपं. पाणी मोरी ओलांडून गल्लीत चाललं होतं आणि समोरची बाई दारात कपाळाला हात लावून उभी होती. निम्मं गाव घागरी घेऊन टँकरपुढं उभं राहतं, आणि हा माणूस पाणी वाहून जाऊ देतोय. मला राहवलं नाही. "दाजी, काय सोडताय ते कळतंय का तुम्हाला? दोन दिवसांची आंघोळ चालली ही!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार थकलेले दिसत होते. "कळतंय," म्हणाले. "सगळं कळतंय." मग पुढच्या पिंपाला हात घालत हळूच म्हणाले, "शिळं झालंय, मेव्हणे."

पिंप जड होतं, त्यांना एकट्याला हलेना. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला.