हलका होत गेलेला सिलिंडर

माझा नवरा पाणबुड्या आहे. धरणाच्या ज्या विहिरीतून सोलापूरला पाणी उपसतात, तिच्या तळाच्या जाळीत अडकलेला कचरा तो उतरून काढतो. त्याचे हवेचे सिलिंडर घरामागच्या शेडमध्ये मी भरते. दाबाचा काटा दोनशे बारकडं सरकायला लागला की मी दाराशी जाऊन उभी राहते. एवढ्या दाबाखालचा सिलिंडर फुटला तर शेड उरणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमचा स्टीलचा सिलिंडर तपासणीत नापास झाला. आतून गंजला होता. नवा घेईपर्यंत म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा भाड्यानं आणला. मी तो दोनशेपर्यंत भरला, पण सकाळी बघते तर काटा एकशे ऐंशीवर.

"गळतोय का हो?" मी नवऱ्याला विचारलं.

"गळत न्हाय. भरताना तापतो, गार झाला की दाब उतरतो. जरा वाढीव भर."

मी हळूहळू पुन्हा भरला. मग मी म्हणाले, "कमरेला शिसं जास्त बांधा. हवा संपत आली की हा तरंगतो म्हणं. आपला स्टीलचा बुडूनच राहायचा."

"बांधलंय की थोडं. बास हाय तेवढं."

तो उतरला त्या दिवशी पंप बंद केले होते. विहिरीच्या कठड्यावर त्याच्या कमरेचा दोर धरून मी बसले, शेजारी पंपाचा ऑपरेटर. जाळीच्या आधी काँक्रीटचा बुटका बोगदा आहे. नवरा त्यात शिरला की बुडबुडे दिसत नाहीत, फक्त दोर कळतो. मी एक हिसका द्यायचा, त्यानं एक द्यायचा, म्हणजे ठीक.

बराच वेळ उत्तर येत होतं. मग येईना. मी पुन्हा हिसका दिला. काहीच नाही.

"ओढू या, वहिनी," ऑपरेटर म्हणाला.

आम्ही ओढला. दोर ताठ झाला, पण तसूभर हलला नाही. माणूस ओढला की दोर असा लागत नाही, दोरच कुठंतरी अडकला होता. "सोडा," मी म्हणाले. त्याला पटलं नाही, तरी सोडला. मी हातभर दोर सैल दिला, आणखी दिला आणि नुसती पाण्याकडं बघत राहिले. तेवढ्या वेळात मुलांना काय सांगायचं इथपर्यंत मन जाऊन आलं.

दोन हिसके आले. म्हणजे वर घ्या.

तो वर आला तेव्हा सिलिंडरचा काटा तिसाच्या खाली होता, खांद्यावरचा सूट फाटला होता.

"हवा कमी झाली तसा वर उचललो गेलो," सूट उतरवताना तो म्हणाला. "पाठ छताला चिकटली, पाय खाली जाईनात. दोर जाळीच्या गजात गुतला होता. तुमी ओढला तसा आणखी आवळला. सैल झाला तवा सुटला."

राहिलेलं काम त्यानं कमरेला भरपूर शिसं बांधून केलं. पुढं आम्ही स्टीलचा नवा सिलिंडर घेतला. तरी आता मी दोराला सारखा हिसका देते. "कामात हात गुततो," म्हणून तो चिडतो. पण खालून उत्तर मात्र दर वेळी देतो.