रणगाड्यातला स्पीकर नि माझा कान

मला हे सांगायचंच नव्हतं. पण रविवारी गच्चीवर जमलं की "आबा, तो किस्सा!" म्हणून सगळे मागे लागतात, नि मग अर्धवट ऐकून सगळ्या घोडपदेवात सांगत सुटतात. असले किस्से साचतच जातात, भंगारासारखे. म्हणून स्वतःच लिहितो. शाळा चौथीपर्यंत झालीय, चुका काढत बसू नका.

आमच्या गच्चीवर रिमोटचे रणगाडे चालतात. हातभर लांब, आत इंजिनाचा आवाज काढणारं सर्किट नि स्पीकर. बनवणारा शांताराम, गिरणीतला जुना फिटर. स्पीकर निवडणारा मी. लालबागच्या मंडळांचे स्पीकर दुरुस्त करण्यात जन्म गेला. माझ्या कानापुढे कोणी बोलायचं नाही!

पहिल्या रणगाड्यात शांतारामनं जुन्या मोबाईलचा स्पीकर घातला. चालू केला, तर नुसती घुरघुर. म्हटलं, "रणगाडा आहे की मिक्सर? खोबरं टाक, चटणी तरी होईल!"

रागानं त्यानं सहा इंची घातला. वरचं झाकण बसेना, दोन फेऱ्यांत बॅटरी खलास. "शांत्या, तुझ्या रणगाड्याला पोट सुटलंय रे!"

शेवटी मीच सांगितलं, लहान घे, पण मागून हवाबंद डब्यात बसव, तरच खर्ज निघतो. त्यानं श्रीखंडाचा डबा कापला. असा घुमला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी ओरडल्या, "अवेळी पंप कोणी लावला?"

मग कदम यायला लागला. फौजेत खरा रणगाडा चालवलेला माणूस, आवाज अजून परेडवरचा. एकदा नव्या रणगाड्यासाठी मी लॅमिंग्टन रोडवरून स्पीकर आणला. लावला मात्र, चाळीतला काळू कुत्रा विव्हळत जिन्याखाली पळाला. म्हटलं, "बघा! कुत्र्यालापण खरा वाटला!"

कदम म्हणाला, "आबा, कर्कश आहे. खरा असा किंचाळत नाय."

मी भडकलो. सगळ्यांसमोर म्हटलं, "तोफेनं कान गेलेत तुझे! रणगाड्यात बसलेलास की रिक्षात?"

कदमनं आपला रणगाडा पिशवीत घातला नि जिना उतरला. परत आला नाही. पुढे खोली विकून गुहागरला गेला.

यंदा बॅटरी बदलायला मी तेव्हाचा तोच रणगाडा उघडला. आत स्पीकर दुसराच! शांतारामच्या कपाटात बिस्किटांचा डबा सापडला. त्यात माझे पाच स्पीकर, कागदात गुंडाळलेले. इतकी वर्षं मी निवडायचो, ही मंडळी मागाहून काढून ठेवायची, नि वर "वा आबा!"

कदमला फोन लावला. म्हटलं, "चुकलो रे." तो बराच वेळ बोलत होता. मला एक अक्षर कळलं नाही. मी आपला "हो, हो" म्हणत राहिलो.

मग शांतारामला धरला. "लेका, माझा कान गेलाय हे त्याच दिवशी तोंडावर सांगितलं असतंस, तर कदम गेला असता का?"

तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "सांगितलेलं! त्याच दिवशी, कदमच्या देखत. तुला ऐकू गेलं नाय!"

माफी राहिली बाजूला, वर हे! नाव लिहून ठेवा: शांताराम धोंडू गावकर.