पहाटेपर्यंत पुरणारं गवत

माझा नवरा नवसू दोन वर्षांत एकही रात्र घरी झोपला नाय. बाईबिईची भानगड नाय हो! दोन घोडे हायत. वैशाखऱ्याजवळ हर्षितशेठचं फार्महाऊस हाय, तिथल्या तबेल्यात. आमचं घर इकडं खर्डीच्या बाजूला. आठवड्यातून एकदा दिवसा येतो, भाकर खातो नि उन्हं कलायच्या आत पळतो.

"एवढे काय लाड त्या घोड्यांचे?" मी एकदा तोंड सोडलंच.

"गो हौसा, बैलासारखं रवंथ करत नाय ते. थोडं थोडं सारखं लागतं. पोट रिकामं राहिलं की कळ येते, लोळतात, मरतातसुद्धा."

म्हणून नऊला गवत, एकला गवत, चारला गवत. नि ढीगभर एकदम टाकलं तर अर्धं खातात, अर्धं तुडवून त्याच्यावर मुततात. मग तोंड लावत नायत मेले.

आमची भिमी पहिलटकरीण, बाळंतपणाला घरी आली. तेव्हाच मी ठरवलं, नातवंडाच्या पाचवीला आजा घरात पायजे म्हंजे पायजे. त्या रातीला सटवाई बाळाचं कपाळ लिहायला येते, घरच्यांनी जागायचं असतं.

माझ्या बापाचं मासे धरायचं जाळं माळ्यावर पडलेलं. ते दुहेरी केलं, गच्च गाठी मारल्या, बारीक भोकं ठेवून पिशव्या केल्या नि नवसूबरोबर तबेल्यात धाडल्या. त्यात गवत कोंबायचं नि घोड्याचा पाय अडकणार नाय एवढं उंच टांगायचं. भोकातून काडी काडी ओढत बसतो घोडा. पहिल्या राती नवसू राखणीला बसला. पहाटे पाचला फोन, "हौसा, अजून खातायत गो!" असा हसला, लग्नातसुद्धा एवढा हसला नव्हता.

महिनाभर नीट चाललं, नवसू तिथंच पण रातभर झोपायला लागला. शेठनी जाळ्याचे फोटो काढले, पाचवीची सुट्टीपण कबूल केली.

नातू झाला. पाचवीच्या दिवशी दिवेलागण झाली तरी नवसूचा पत्ता नाय. मग फोन आला.

"टेम्पो आलाय गो. शेठनी आणखी दोन घोडे आणलेत. म्हणतात, नवसूकाका, जाळ्यामुळं तुम्हाला आता रात्रीचं काम कुठं उरलंय?"

"मग टांग जाळी नि ये की!"

"नवे जाळ्याला बुजतायत. त्यांना हातानंच टाकावं लागंल. कुणावर सोडून येऊ?"

मी शेठला नको नको त्या शिव्या घातल्या. मग मलाच रडू फुटलं. गाठी कोणी मारल्या? मीच ना!

रातभर फोन बाळाच्या उशाशी चालू ठेवला. त्यातून गवत चावल्याचा आवाज येत होता. भिमीनं विचारलं, "बाबा, झोपलात काय?"

"नाय गो बाय. पाचवीला कोण झोपतं?" तिकडं पेंढी ओढल्याचा आवाज आला. "थांब, एक वाजला. गवत टाकून येतो."