साडेसहाचं काडतूस

कुवेत शहरातल्या शर्क भागात आमच्या ऑफिसखाली शिकारीच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या रत्नागिरीकर सेल्समनशी गप्पा मारायला मी जेवणाच्या सुट्टीत जायचो. गिऱ्हाइकांना मोठं, जोरदार काडतूस हवं असायचं. हा मात्र साडेसहा मिलिमीटरच्याच काडतुसाचं कौतुक सांगायचा. "खांद्याला धक्का नाय, नेम हलत नाय," म्हणत स्वतःचाच खांदा थोपटायचा. त्यानं बंदूक कधी झाडलेलीच नव्हती. मग एवढी खात्री कुठून, याचं मला कोडं वाटायचं. ते ज्ञान एका कुवेती म्हाताऱ्याचं निघालं. दर हिवाळ्यात शिकारीला जाताना ते काडतूस नेणारं तेवढं एकच गिऱ्हाईक.

एकदा एका तरुण कुवेत्याला ते पटलं. रायफलही त्याच मापाची घेतो, असतील तेवढी खोकी दे, म्हणाला. आमचा सेल्समन घुटमळला आणि म्हणाला, "खलास."

खोकी तर त्याच्यामागच्या फळीवर मला दिसत होती. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "अहो, इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकलं तुमचं!"

"मालक आता हा माल मागवत नाय, साहेब. म्हातारा आला तर त्याला काय देऊ?"

म्हातारा दोन हिवाळे आलेला नव्हता.